चढणीवरचं हरीण

१

माइटेनं वर्कशॉपचं दार ढकललं तेव्हा आतला दिवा जळतच होता. "म्हातारा आज माझ्याआधी हजर!" असं पुटपुटत ती आत शिरली आणि जागीच थिजली.

तिचा उस्ताद ऑरिन हॉल्वर फळ्यांच्या जमिनीवर उताणा पडला होता. डोळे मिटलेले, चष्मा नाकावर तसाच. डोक्याखाली त्याचंच लोकरी जाकीट घडी करून ठेवलेलं. त्याच्या उशाशी ते हरीण उभं होतं, म्हणजे कातडं चढवायच्या आधीचं, फोममध्ये कोरलेलं नुसतं धड. त्याची मान करवतीनं अर्धी कापलेली होती आणि डोकं एका बाजूला लोंबत होतं.

डेप्युटी मार्लिस ऑटेसन पोचली तोवर डॉक्टरनं आपलं काम आटोपलं होतं. "हृदय," तो म्हणाला. "काल संध्याकाळीच गेला. क्षणात. तू शेजारी उभी असतीस तरी काही करू शकली नसतीस."

शेरीफनं टोपी काढली, मग परत घातली. "वय झालं होतं बिचाऱ्याचं. यात तपास करण्यासारखं काही नाही, मार्लिस. घरी जा. तुझी त्याची दोस्ती होती, ठाऊक आहे मला."

दोस्ती होतीच. नवरा गेल्यापासून दर शनिवारी ती ऑरिनसोबत नाश्ता करायची. बटाटे-अंडी खाता खाता तो दोन्ही हात डोक्याला लावून हरणाचे कान करून दाखवायचा. "हे बघ, एक कान पुढे, एक मागे. पुढचा कान तुझ्यासाठी, मागचा लांडग्यासाठी. दोन्ही पुढे केले की झाली गाढवाची मूर्ती!" त्याला कुणी 'पेंढा भरणारा' म्हटलं की तो उखडायचा. "पेंढा गादीत भरतात. मी जनावर उभं करतो." ड्राय फोर्कच्या आसपास, वायोमिंगच्या त्या उजाड पट्ट्यात, शिकाऱ्यांची घरं त्यानं उभ्या केलेल्या म्यूल हरणांनी भरली होती. खेचरासारखे लांब कान असलेली ती हरणं इतकी जिवंत वाटायची, की पाहुणे खोलीत शिरताना नकळत पाय हळू टाकायचे.

मार्लिस त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. त्याच्या चष्म्यावर, मिशांवर पिवळट भुसा बसला होता. फोमचा भुसा. करवत बाकाखाली पडली होती.

म्हणजे मान त्यानंच कापली होती. आपल्या हातानं, मरता मरता. पण क्षणात मेलेला माणूस स्वतःच्या डोक्याखाली जाकिटाची घडी कशी ठेवेल?

"शेरीफ," ती उठत म्हणाली, "काल इथे आणखी कुणीतरी होतं."

२

"माझ्याकडे काय बघतेस?" माइटे म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाजाला धार होती. ती स्पेनकडून आलेल्या मेंढपाळ बास्क घराण्यातली होती. रडणं आणि भांडणं त्या घरात एकत्रच चालायचं. "हो, मी भांडले त्याच्याशी. सगळ्या गावानं ऐकलं असेल. डोंगरापलीकडच्या मोठ्या वर्कशॉपमधून मला बोलावणं आलंय, आणि मी जाणार आहे. पण भांडण त्यावरून नव्हतं."

"मग कशावरून?"

"या हरणावरून. डोळे, कान, नाकपुड्या, इतकी वर्षं हे सगळं मीच करते. पण यात हात लावू देईना. कातडं स्वतः शिवलं, शिंगं स्वतः साफ केली. मी विचारलं, 'मी काय नवशिकी आहे?' तर म्हणाला, 'हे टलीचं आहे. राहू दे.'"

टली म्हणजे लोवेल ब्रँडवोल्डचा एकुलता एक पोरगा. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बाप, लेक आणि लेकाचा मित्र डेस शिकारीला गेले होते. गावाला ठाऊक होतं ते असं: वर कड्यावर बसलेल्या टलीनं मोठा नर टिपला, आनंदानं खाली डोकावला आणि पाय घसरून पडून मेला. ते हरीण उभं करून घरात ठेवावं, एवढी एकच इच्छा लोवेलनं ऑरिनला सांगितली होती.

मार्लिसनं बाकावर नजर फिरवली. "मातीचं कुठाय?"

माइटे चमकली. कुठलंही मोठं हरीण कोरण्याआधी ऑरिन तेलमातीचं हातभर हरीण घडवायचा. भार कुठल्या पायावर, पाठ कुठे वाकली, मान कुठे वळली, ते सगळं आधी त्यात ठरायचं. ते ठरवण्यासाठी तो स्वतः चार पायांवर वर्कशॉपभर रांगायचा. बाकावर लाकडी पाट होता, त्यावर चार खुरांचे ठसे होते. हरीण नव्हतं.

"परवा होतं," माइटे म्हणाली. "फडक्याखाली झाकलेलं. मला बघू दिलं नाही."

मार्लिसनं फोमच्या धडाला हात लावला. ते कड्याची चढण चढणारं हरीण होतं. मागचे पाय दाबलेले, उजवा पुढचा पाय वर ताणलेला, सगळं अंग पुढे झेपावलेलं. डाव्या कुशीवर, खालच्या अंगाला, तिच्या बोटाला एक बारीक भोक लागलं. तिनं वाकून पाहिलं. भोक आरपार होतं. उजव्या खांद्याच्या वर निघत होतं.

"हे कशाला?"

"आधाराची सळई असेल," माइटे म्हणाली, आणि मग स्वतःच कपाळाला आठ्या घातल्या. "पण तिथे कुणी सळई घालत नाही."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. दारात लोवेल ब्रँडवोल्ड उभा होता. त्याला ऑरिनच्या मृत्यूची खबर नव्हती. तो ठरल्याप्रमाणे मातीचं हरीण बघायला आला होता.

३

लोवेल हा अंगापिंडानं दार भरून टाकणारा माणूस. बातमी ऐकून तो दाराच्या चौकटीला टेकला आणि बराच वेळ हरणाच्या लोंबत्या डोक्याकडे बघत राहिला.

"गावात बोलतायत, परवा कॅफेत तू त्याच्यावर टेबल आपटून ओरडलास," मार्लिस म्हणाली. "मला विचारावं लागतंय, लोवेल."

"विचार की. ओरडलो. मी म्हणत होतो, हरीण शांत उभं पाहिजे. मान उंच, नजर वर, टलीकडे. पोरानं वरून टिपलं ना त्याला? मग शेवटी त्यानं टलीला बघितलं असणार. ऑरिन म्हणाला, 'हे हरीण तसं उभं नव्हतं.' मी म्हटलं, 'तू होतास का तिथे?'"

"मग?"

"मग काही नाही. कॉफी संपवून गेला. जाताना खांद्यावर हात ठेवला." लोवेलनं तोंड फिरवलं. "मी तो झटकला."

"त्या दिवशी डोंगरावर तू कुठे होतास?"

"कागदावर सगळं आहे की."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"खाली, घळीत. हरीण मला चढताना दिसलं. मी बार टाकला, पण तेवढ्यात ते खडकाआड गेलं. डेस पलीकडच्या उतारावर घोड्यांपाशी होता. तो म्हणाला, तुमचा नेम चुकला, टलीचा बार त्याच क्षणी झाला आणि लागला." तो सरळ झाला. "गावाला काय बोलायचं ते बोलू दे. मी काल संध्याकाळी घरी एकटा होतो. साक्षीदार नाही. मुलगा होता, तो गेला."

तो निघून गेल्यावर माइटे हळूच म्हणाली, "याला मारायचंच असतं तर यानं कॅफेतच मारलं असतं."

मार्लिसलाही तेच वाटत होतं. पण दुपारपर्यंत पेट्रोलपंपापासून चर्चपर्यंत एकच कुजबुज पसरली होती: पोरामागे लोवेलचं डोकं फिरलं, आणि त्यानं म्हाताऱ्याचा जीव घेतला.

४

डेस प्रुइट घोड्यांना नाल ठोकायचं काम करायचा. मार्लिस गेली तेव्हा तो एका तपकिरी घोडीचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होता. पूर्वी हा पोरगा भर बाजारात शीळ घालत फिरायचा. वर्षभरात वाळून काटकी झाला होता.

"ऑरिन गेला," ती म्हणाली.

कानस थांबली नाही. "ऐकलं, मॅडम. वाईट झालं."

"तू शेवटचा कधी भेटलास त्याला?"

"आठवत नाही. उन्हाळ्यात असेल."

"लोवेलवर संशय घेतायत लोक."

आता कानस थांबली. "लोवेलवर? का? त्यांनी काय केलंय?"

"भांडण झालं होतं. आणि टलीच्या हरणाची कुणीतरी नासधूस केलीय."

"ती काय, मान परत चिकटवता येते. माइटे करेल. पण लोवेलचं नाव का घेतात? मॅडम, त्या माणसाला सोडा. त्याला आता काहीही विचारू नका. हात जोडतो."

घोडीनं पाय ओढून घेतला. डेस तिच्या मानेवर हात फिरवत उभा राहिला.

मार्लिस गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवायच्या आधीच तिच्या ध्यानात आलं. मान कापल्याचं तिनं डेसला सांगितलंच नव्हतं. ती, माइटे, शेरीफ, डॉक्टर आणि लोवेल, एवढ्यांनीच ते पाहिलं होतं. गावातल्या कुजबुजीत ऑरिनचा खून होता, लोवेलचं भांडण होतं, पण हरणाच्या मानेचा उल्लेख कुठेही नव्हता.

तिला त्याला तिथल्या तिथे पकडता आलं असतं. पण डोक्याखाली जाकीट ठेवणारा माणूस खुनी नसतो. तो काहीतरी लपवत होता, आणि ते स्वतःसाठी लपवत नव्हता. 'लोवेलला विचारू नका' म्हणताना त्याच्या आवाजात भीती होती, आणि ती लोवेलची नव्हती.

ती लोवेलसाठी होती.

५

"कातडं काढ," मार्लिस माइटेला म्हणाली.

कमावलेलं कातडं दमट फडक्यात गुंडाळलेलं होतं. दोघींनी ते फोमच्या धडावर अंगरखा चढवावा तसं चढवलं. डाव्या कुशीवर ऑरिननं शिवलेली एक बारीक जागा होती. उजव्या खांद्यावर दुसरी, जरा मोठी.

"बारीक ती गोळी शिरण्याची, मोठी ती निघण्याची," माइटे म्हणाली. "इथवर कळतं मला."

"आता खालची भोकं बघ."

फोममधली भोकं बरोबर त्या दोन टाक्यांखाली होती. माइटेनं एक लांब तार घेतली आणि कुशीतून आत सारली. ती सरळ खांद्यातून बाहेर आली. मग तिनं कातडं उजव्या पायाकडून मागे सरकवून पाहिलं, पाय खाली असता तर जसं बसलं असतं तसं. खांद्यावरचा टाका घसरला. तार जुळेना.

"पाय वर ताणल्याशिवाय जुळतच नाही," ती पुटपुटली. "म्हणून त्यानं असा कोरला. म्हाताऱ्यानं पोझ बसवलीच नव्हती, मार्लिस. गोळीनंच त्याला ती सांगितली."

"टली कुठे होता?"

"वर."

"मग वरून मारलेली गोळी पोटाकडून शिरून खांद्यावर कशी निघेल?"

माइटे तारेकडे बघत राहिली. तारेचं मागचं टोक खाली, जमिनीकडे रोखलेलं होतं. चढणारं हरीण, आणि त्याच्या मागे, त्याच्या खाली बंदूक. मागे, खाली, घळीत त्या दिवशी एकच माणूस होता.

"देवा," माइटे म्हणाली. "नेम चुकला नव्हता."

"पण एवढ्यासाठी ऑरिननं मान कापली नसती," मार्लिस म्हणाली. "बापाच्या गोळीनं हरीण मेलं, एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं? आणखी काहीतरी आहे. शिंगं त्यानं तुला का साफ करू दिली नाहीत?"

उत्तर काचेच्या डोळ्यांच्या पेटीत सापडलं. प्रत्येक कप्प्यात डोळ्यांची जोडी होती. एका कप्प्यात डोळ्यांऐवजी धाग्यांचा एक पुंजका होता. भडक नारिंगी. एकमेकांना दिसावेत म्हणून शिकारी ज्या रंगाचे अंगरखे घालतात, त्या रंगाचा. मार्लिसनं भिंतीवर टांगलेली शिंगं उतरवली. उजव्या शिंगाचं एक टोक तडकलेलं होतं. तड्यात आणखी एक धागा अडकलेला होता. चिमट्यानं निघाला नसावा, म्हणून ऑरिननं तसाच ठेवलेला.

माइटेनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

कड्यावरची वाट अरुंद. कुशीत गोळी बसलेलं हरीण थांबत नाही, ते पुढे उसळतं. आणि पुढे, खडकाच्या वळणापलीकडे, टली बसलेला होता.

६

डेसनं दार उघडलं. मार्लिसच्या हातातला नारिंगी धागा पाहून त्यानं काही विचारलं नाही. आत जाऊन पलंगाखालून एक टॉवेलची गुंडाळी आणली आणि टेबलावर उलगडली. मातीचं हरीण होतं ते. चढणीवर झेपावलेलं, अंगातून तार गेलेली. इतकं हुबेहूब, की त्या तारेची कळ बघणाऱ्याच्या कुशीत उठावी.

"मी दुर्बिणीतून बघत होतो," तो म्हणाला. "सगळं दिसलं मला. लोवेलला खालून टली दिसत नव्हता. त्यांनी बार टाकला, हरणानं उडी घेतली, आणि टली उठत होता नुसता. उठत होता हो. दोघं एकदमच माझ्या बाजूला खाली गेले."

"टलीनं बार टाकलाच नव्हता."

"बंदुकीतली गोळी तशीच होती. मी काढून फेकली. लोवेल चढून तिथवर पोचायच्या आत मला काहीतरी सांगायला हवं होतं. सुचलं ते सांगितलं. म्हटलं, पोरानं आपलं हरीण मारलं आणि आनंदात गेला, एवढं तरी बापाला राहू दे." त्यानं मनगटानं डोळे पुसले. "नंतर ते रोज सांगायचे लोकांना, 'माझ्या टलीनं काय नेम धरला!' मग मी परत कसा फिरू?"

"आणि ऑरिन?"

"त्यानं फोन करून बोलावलं. गेल्यावर नुसतं फडकं उचललं. मी सगळं सांगून टाकलं. त्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, 'उद्या लोवेल येतोय. हे त्याला दिसता कामा नये.' आणि करवत घेतली. मान वर वळवून लावतो म्हणाला, लोवेलला हवी तशी. मी म्हटलं, द्या, मी कापतो. तर म्हणाला, 'माझं आहे, मीच मोडीन.' अर्ध्यात आला आणि…" डेसनं टॉवेलचं टोक मुठीत धरलं. "छाती दाबली मी त्याची. हाका मारल्या. काही नव्हतं उरलं, मॅडम. थंड फळ्यांवर डोकं बघवेना म्हणून जाकीट ठेवलं. फोन केला असता तर विचारलं असतं, तू इथे कशाला आलास. मग मी हे उचलून पळालो. त्याला तसाच टाकून पळालो."

मार्लिसला चीड यायला हवी होती. ऑरिन रात्रभर एकटा पडून होता. पण समोर बसलेल्या पोराकडे बघून चीड येईना.

"डॉक्टर म्हणाला, क्षणात गेला," ती एवढंच बोलली. "तुझ्या फोननं काही फरक पडला नसता."

"लोवेलला सांगणार तुम्ही?"

शेरीफच्या कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' लिहून भागणार होतं. पण कुणी तिथे होतं, का होतं, हे सांगितल्याशिवाय लोवेलवरचा डाग धुवून निघणार नव्हता. आणि ते सांगायचं म्हणजे त्याच्या हातात तीच बंदूक परत द्यायची.

७

लोवेल अंगणातल्या कुंपणाची तार आवळत होता. मार्लिसनं वाटेत चार वाक्यं जुळवली होती. हृदयाचा झटका. पोझ पसंत पडली नाही म्हणून मान ऑरिननं स्वतःच कापली. कुणीतरी शेजारी होतं, त्याची साक्ष मिळाली. संशय संपला.

लोवेलनं ऐकून घेतलं. पक्कड खिशात घातली.

"त्यानं कोरलं होतं कसं, ते हरीण? सकाळी नीट बघितलं नाही मी. डोकं लोंबत होतं, तेवढंच दिसलं."

मार्लिस कुंपणाच्या तारेकडे बघू लागली.

"चढताना ना?" तो म्हणाला.

"लोवेल…"

"मी जन्मभर शिकार केलीय, मार्लिस. गोळी खडकाला लागली की एक आवाज येतो, अंगात बसली की दुसरा. ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. तो आवाज मी ऐकला होता." त्यानं कुंपणाच्या खांबावर हात ठेवला. "आणि बार एकच ऐकला होता. डेस म्हणाला दोन झाले. मी म्हटलं, हो, दोन झाले. पोरगं पांढरं पडलं होतं, थरथरत होतं, तरी माझ्यासाठी खोटं बोलत होतं. मी त्याला खोटं कसं पाडू? मग रोज तेच बोलत गेलो. म्हटलं, बोलून बोलून खरं होईल."

"मग हरीण कशाला उभं करायला सांगितलंस?"

"ऑरिन करायचा ते जिवंत व्हायचं ना? वाटलं, त्यानं जर ते शांत उभं केलं, टलीकडे बघत, तर निदान एका खोलीत ते तसं घडलेलं असेल." त्याचा चेहरा आक्रसला, पण डोळे कोरडेच राहिले. "तो म्हणाला, तसं उभं नव्हतं. म्हणून मी टेबल आपटलं. त्याला कळलं होतं. आणि कळूनही मरता मरता माझ्यासाठीच मोडत होता. आणि मी त्याचा हात झटकला."

वाऱ्यानं तारा वाजत राहिल्या.

"शिंगांचं…" ती सुरुवात करून थांबली.

"तेही माहीत आहे. टलीचा अंगरखा मीच काढला अंगावरून. तो कसा फाटला होता, ते मी बघितलंय."

मग त्यानं विचारलं, "तो शेजारी होता तो डेस ना? म्हाताऱ्याजवळ?"

"हो."

"म्हणजे दोन माणसं त्या पोराच्या डोळ्यांसमोर गेली. आणि वर्षभर मला वाटायचं, मी त्याला सांभाळतोय." त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "चल. मला त्याच्याकडे घेऊन चल. मी गाडी चालवू शकणार नाही."

वाटेत लोवेल एकदाच बोलला. "माइटे जायच्या आधी ते पुरं करेल का? त्यानं कोरलं होतं तसंच?"

"विचारते."

डेसच्या दारापाशी लोवेलनं टोपी काढून हातात घेतली. मग त्यानं दार वाजवलं. डेसनं उघडलं, त्याला पाहिलं, आणि मागे सरताना खुर्चीला अडखळला.

"बस, पोरा," लोवेल म्हणाला. "मला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

लोवेलनं त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसला. दार उघडंच होतं. मार्लिसला गाडीतून दोघं दिसत होते, पण कुणाचे शब्द ऐकू येत नव्हते. थोड्या वेळानं लोवेल उठला, कुणाच्याही घरात उठावं तसा, शेगडीजवळ गेला आणि कॉफीचं भांडं शोधू लागला. डेसनं बसल्या जागेवरून कपाटाकडे बोट केलं.

मार्लिसनं गाडी चालू केली. लोवेलला परत न्यायला कुणीतरी लागेल, हे तिला गल्लीच्या टोकाशी आल्यावर आठवलं. तिनं आरशात पाहिलं. डेसचं दार आता आतून लावलेलं होतं. ती मागे वळली नाही.